केळझरची फेरी आणि कलम चौथे

आमच्या सायकल मंडळाची स्मरणिका गेल्या महिन्यात टपालाने घरी आली. तिच्यात केळझरच्या फेरीचा वृत्तांत दोन पानांत उरकलेला आहे, आणि त्या दोन पानांत पाच चुका आहेत. चार चुका लेखकाच्या आळसातून झाल्या आहेत, पाचवी त्याच्या अज्ञानातून. लेखक म्हणजे मंडळाचे चिटणीस मनोहरराव. त्या फेरीत ते रांगेत चौथे होते, आणि दोन दिवसांत त्यांना तिसऱ्या माणसाच्या पाठीपलीकडचे काहीही दिसलेले नाही. मी रांगेत पहिला होतो. रस्ता मी पाहिला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी पाहूनही चुकीचा सांगितला त्यांच्या माहितीसाठी, हा वृत्तांत मी लिहीत आहे.

फेरीला आता एक तप होऊन गेले. आणीबाणी उठल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. आणीबाणीत पाचांहून अधिक माणसांनी मिळून कुठे निघणे धोक्याचे समजले जाई. ती उठल्यावर आम्ही नऊ जण मिळून निघालो, आणि त्यातला खरा धोका कोणता तो आम्हांला तेव्हा कळला.

त्याआधी देवळीच्या फेरीत दोन सदस्य बरोबरीने गप्पा मारत चालले असता त्यांची हँडले एकमेकांत अडकली आणि दोघे हातात हात घातल्याप्रमाणे तुरीच्या शेतात उतरले. मी त्या वेळी सरकारी कचेरीत आरेखक होतो. रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढण्यात माझी नजर तयार झाली होती. मी घरी बसून समूहाने सायकल चालवण्याची अकरा कलमे तयार केली, त्यांच्या निळ्या प्रती काढल्या आणि प्रत्येक सदस्याला एकेक दिली. एकामागे एक चालावे. पुढच्यापासून दोन सायकलींचे अंतर ठेवावे. अग्रणीने ब्रेक दाबण्यापूर्वी ‘थांबा’ असे खणखणीत म्हणावे आणि तो शब्द प्रत्येकाने मागे पोचवावा. आज मंडळ ज्या नियमांवर चालते ते हेच. स्मरणिकेत ते ‘सर्वानुमते ठरले’ असे छापले आहे. सर्वांनी मते दिली हे खरे, ठरवले मी.

मनोहररावांना ते रुचले नाही. अग्रणी दर फेरीला बदलावा असा ठराव त्यांनी मांडला. बरीच वादावादी होऊन सभेने असे ठरवले की केळझरच्या फेरीत अग्रणीच्या दोषाने अपघात झाला तर आघाडी मनोहररावांकडे जाईल, आणि तसे न घडल्यास ती तहहयात माझ्याकडे राहील. फेरीला निघताना माझ्या हँडलवर काय टांगलेले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वर्धा ते पवनार

पहिली चूक: आम्ही पहाटे पाचला निघालो, असे छापले आहे. आम्ही पाच वाजून चाळीस मिनिटांनी निघालो. पाचला आम्ही आठ जण मनोहररावांच्या दारात उभे राहून त्यांच्या मागच्या चाकात हवा भरत होतो.

निघण्यापूर्वी मी प्रत्येकाचा ब्रेक तपासला. आमच्यात एक दूधवाले सदस्य होते. त्यांच्या सायकलीला ब्रेकचा पत्ताच नव्हता.

“ब्रेक कुठे आहे?” मी विचारले.

“हाये ना जी,” म्हणून त्यांनी उजवा पाय वर करून चपलेचा तळ दाखवला. तो पुढच्या चाकावर घासून घासून अर्धा झाला होता. “नवीन चप्पल घेतली का ब्रेक बी नवा होते.”

त्यांना मी सर्वांत शेवटी ठेवले आणि पुढच्यापासून वीस हात अंतर राखण्याची गळ्याची शपथ घातली. 

रांगेत दुसरा बापूराव. नाचणगावच्या शेतकरी घराण्यातला, वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून, आणि शाळेपासून माझा मित्र. मला ‘वामन्या’ म्हणणारी जी तीन माणसे जगात उरली होती त्यांपैकी एक. डोळ्यांना बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा, अंगात निळीतून काढलेला पांढराशुभ्र सदरा. माझ्या चाकाच्या इतक्या निकट चालण्याचा विश्वास मी दुसऱ्या कोणावर टाकला नसता.

धुके होते. हरभऱ्याच्या शेतांवरून गार वारा येत होता आणि रस्त्याने कापसाच्या बंड्या वर्ध्याच्या बाजाराला चालल्या होत्या. समोरून वाहन दिसले की मी ‘गाडी!’ असे ओरडे आणि तो शब्द रांगेतून मागे जाई. कलम तसे होते. माणसे मात्र आमची होती. आमच्याकडे कोणतीही बातमी घेतली तशी पुढे देण्याची रीत नाही, हाताला लागली की तिच्यात आपले थोडे घालावेच लागते. मी म्हणालो, ‘गाडी!’ बापूराव म्हणाला, ‘गाडी आली, येष्टी हाये.’ तिसरा म्हणाला, ‘येष्टी हाये, नागपूरवाली, लय भरली हाये.’ मनोहररावांनी ‘लग्नाचे लोक दिसतात’ एवढे जोडले. पुढे आत कोणाचे मामा बसले आहेत याची चर्चा झाली, आणि शेवटच्या दूधवाल्यांपर्यंत सूचना पोचली तेव्हा ती येष्टी वर्ध्याच्या स्थानकात उभी असावी.

धाम नदीच्या पुलावर एका येष्टीच्या चालकाने आमच्याबरोबर गाडी हळू केली आणि खिडकीतून विचारले, “काय भाऊ, वरात हाये का? नवरदेव कोनता?”

“हा समोरचा,” बापूराव म्हणाला. “नवरी केळझरले हाये. पळून जाईन म्हणून घाईनं चाललो.”

पवनारला चहासाठी थांबलो. नदीत आश्रमाच्या बाजूच्या खडकांवरून पाणी वाहत होते. बायका वांग्या-मेथीच्या टोपल्या घेऊन वर्ध्याच्या बसची वाट पाहत होत्या. त्यांतली एक म्हातारी आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने मला हळूच विचारले, “एकामागं एक काऊन चालता जी? भांडण झालं का तुमचं?”

मी तिला सुरक्षिततेची कल्पना समजावून सांगितली. तिने मान डोलावली आणि शेजारणीला म्हणाली, “झालंच हाये माय. सांगून नाई राह्यले.”

तिचा दोष नाही. आमच्या भागात मित्र बरोबरीने चालतात; मागे-पुढे चालतात ते धनी आणि गडी, किंवा नवरा आणि बायको. नऊ पुरुष एका रेघेत गेले तर त्याला कारण लागते.

सेलू

दुसरी चूक: सेलूला आम्ही ‘अल्पोपाहार’ केला, असे छापले आहे. मनोहररावांनी सात आलुबोंडे खाल्ले. सात आलुबोंड्यांना अल्प म्हणणारा लेखक पुढील मजकुरात काय काय लहान करून सांगेल, हे वाचकांनी यावरूनच ताडावे.

सेलू सोडल्यावर थोड्याच अंतराने माझ्या ध्यानात आले की ‘खड्डा!’ ही माझी सूचना तिसऱ्यापर्यंत जाते आणि तिथेच विरते. मी रांग थांबवली आणि मागे चालत गेलो. मनोहररावांचा डावा गाल फुगलेला होता.

“तोंडात काय आहे?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“तंबाखूचा खर्रा आहे. कलम चौथे काय सांगते?”

ते सांगू शकत नव्हते, म्हणून मीच सांगितले: चालत्या सायकलीवर कोणीही तोंडात काहीही ठेवू नये. कारण रांगेत चालणाऱ्याचे तोंड हा त्याच्या मागच्याचा ब्रेक असतो. हे वाक्य माझे आहे. स्मरणिकेत ते एका अनामिक ‘जाणकारा’च्या नावावर गेले आहे.

“राहू दे ना बे वामन्या,” बापूराव पुढून ओरडला. “तोंड भरलेलं असलं का तो बोलत नाई. तेवढीच शांती हाये.”

“कलम म्हणजे कलम,” मी म्हणालो. “थुंका.”

मनोहरराव शेताच्या धुऱ्यावर जाऊन थुंकले. परत येताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते. तिचा अर्थ असा होता: वामनराव, तुमचीही वेळ येईल.

केळझर

तिसरी चूक: मंडळाने केळझरला ‘मुक्काम केला’, एवढेच छापले आहे, जणू आम्ही झाडाखाली पथारी टाकली. आम्ही माझे व्याही गुलाबराव यांच्या घरी उतरलो होतो. माझी मुलगी सुमन त्या घरात दीड वर्षापूर्वी दिली होती. भाजीपाल्याची बागायत करणारे ते घर. विहिरीवर मोट जाऊन नुकतेच इंजिन आले होते आणि त्याचा अभिमान घरातल्या प्रत्येक वाक्यात एकदा तरी येत असे.

पाहुणचाराच्या बाबतीत वर्धा आणि केळझर यांत अंतर थोडे आहे, फरक मात्र पुष्कळ. वर्ध्याला पाहुण्याला ‘चहा घेता ना?’ असे विचारतात, आणि त्या प्रश्नात नकाराला जागा ठेवलेली असते. केळझरला सायकल स्टँडवर लागण्याच्या आत कप हातात येतो. नको म्हणायला तोंड उघडावे, तर चहा आत गेलेला असतो. नऊ माणसांसाठी त्यांनी रोडगे लावले होते. गव्हाच्या जाड पिठाचे ते गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून, राख झटकून, हाताने फोडून त्यात तुपाची धार सोडतात. बरोबर रश्शाची झणझणीत वांगी. ते खाल्ल्यावर माणसाला कोणतेही कलम आठवत नाही. मला आठवत होते.

जेवताना मी गुलाबरावांना निळी प्रत दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“सायकल चालवाले कायद्याचं पुस्तक कायले लागते, व्याही? माह्या बैलाले त काईच वाचता येत नाई. तरी त्यानं आजवर बंडी नालीत घातली नाई.”

सगळे हसले. मनोहरराव गरजेपेक्षा थोडा अधिक वेळ हसले.

“बैल एकटा चालतो, व्याही,” मी म्हणालो. “नऊ बंड्या पाठोपाठ जुंपा आणि मग सांगा.”

“मंग बी समोरचा बैल मुका असला तरी चालते,” गुलाबराव म्हणाले. “त्याचा धनी ओरडते ना.”

मी निळी प्रत परत घेतली आणि दुसरा रोडगा फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या गणपतीचे दर्शन घेतले. वरून सगळा मुलूख दिसतो: कापसाने पांढरी झालेली शेते, मध्ये तुरीचे हिरवे पट्टे, बोरच्या बाजूचे निळसर डोंगर आणि आमचा परतीचा रस्ता, केळझरहून उतरत जाणारा. अग्रणी या नात्याने मी देवाजवळ एवढेच मागितले की नऊ न्यावेत, नऊ आणावेत. जेवणे झाली. विहीणबाई पितळी तबकात विडे घेऊन बाहेर आल्या. त्या विड्यांविषयी मी पुढे लिहिणार आहे.

उतार

चौथी चूक: ‘अचानक एक बैलबंडी आडवी आली’, असे छापले आहे. बैलबंडी अचानक येत नाही. बैलांचा तसा स्वभाव नाही. ती बंडी तिथे बऱ्याच वेळापासून उभी होती. तिच्या एका चाकाची लोखंडी धाव निसटली होती, बंडी तिरपी होऊन रस्ता अडवून बसली होती आणि तिच्यावर घराएवढा कापूस लादलेला होता. वळण संपले आणि ती मला दिसली. मी ब्रेक दाबला. माझ्या ब्रेकचे रबर फेरीच्या आदल्याच दिवशी बदललेले होते. मी जागच्या जागी उभा राहिलो.

माझ्या मागे जे होते ते उभे राहिले नाहीत.

बापूराव माझ्या मागच्या चाकावर आदळून डाव्या अंगाला, रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगावर पडला. तिसरा त्याच्या सायकलीवर पडला. मनोहरराव उजवीकडे उडाले आणि थेट कापसात गेले. त्यांचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. स्मरणिकेत ‘दैवाने अलगद झेलले’ असे आहे. दैवाचा मालक शेजारीच उभा राहून बोंब मारत होता:

“अरे मानूस पडला माह्या कापसात! काढा बाप्पा त्याले! पांढरा माल हाये, डाग लागला का भाव पाडतेत!”

मागचे चौघे ज्याला जशी जागा मिळाली तसे पडले. सर्वांत शेवटी दूधवाले आले, वीस हातांवर त्यांनी चप्पल चाकाला लावली, शांतपणे उतरले आणि म्हणाले, “काय झालं जी?” सबंध फेरीत माझी आज्ञा अक्षरशः पाळणारा हा एकच माणूस निघाला आणि अंगावर ओरखडा नसलेलाही, माझ्याखेरीज, तो एकच.

तेवढ्यात कोणीतरी किंचाळले. बापूरावच्या पांढऱ्या सदऱ्यावर, गळ्यापासून छातीपर्यंत, लाल पसरले होते. चष्मा कुठेतरी उडाला होता, चेहराही लाल. “रक्त! रक्त!” असा ओरडा झाला. मी जवळच्या शेतातल्या नालीवर पाणी आणायला गेलो. मी परतलो तेव्हा बापूराव उठून बसला होता आणि डावा हात उजव्या हाताने धरून, दात आवळून म्हणत होता, “काई नाई झालं बे. खांदा गेला वाटते. रडू नका.”

मागून आलेल्या येष्टीत घालून त्याला सेलूच्या दवाखान्यात नेले. गळ्याखालचे हाड मोडले होते. कंपाउंडर कापसाच्या बोळ्याने छाती पुसू लागला. जखम सापडेना. त्याने बोळा नाकाजवळ नेला, एकदा बापूरावकडे पाहिले, एकदा आमच्याकडे.

“हे रक्त नाई जी. काथ हाये. वेलची बी हाये याच्यात.”

दवाखान्यात सात सायकलस्वार उभे होते, दूधवाले बाहेर सायकली राखत होते. सातही जणांच्या माना बापूरावकडे वळल्या. सहा माना आश्चर्याने वळल्या.

“बापूराव!” मनोहरराव म्हणाले. त्यांच्या केसांत अजून कापूस होता. “पान? कलम चौथं?”

बापूरावने चष्म्याशिवाय माझ्या दिशेने पाहिले. मी त्याला कितपत दिसत होतो, देव जाणे.

“हो,” तो म्हणाला. “माह्याच तोंडात होतं. पान होतं म्हणून मागं ओरडलो नाई, अन् ध्यान बी नव्हतं. वामन्यानं त हाक देल्ली होती.”

मी माझ्या सदऱ्याची बाही वर दुमडली.

महिन्याभराने सभा झाली. दोष अग्रणीचा नाही असे ठरले आणि आघाडी तहहयात माझ्याकडे आली. बापूरावचा दोष सिद्ध झाल्याने, हाड जुळल्यावर, त्याने एक वर्ष रांगेत शेवटी चालावे असा दंड ठरला. तो एक वर्ष आठ माणसांची धूळ खात चालला आणि एकदाही कुरकुरला नाही. तेव्हापासून मंडळात कोणी चालत्या सायकलीवर तोंड हलवले की नवे सदस्यसुद्धा ओरडतात, ‘बापूराव करू नको!’ आणि आता मंडळाच्या खोलीत अकरा कलमांचा फलक लागणार आहे. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर त्याचा मजकूर दिला आहे. दहा कलमांना नुसते क्रमांक आहेत. चौथ्याच्या पुढे कंसात लिहिले आहे: बापूरावचे कलम.

पाचवी चूक

ती ही. विडा बापूरावच्या तोंडात नव्हता. माझ्या तोंडात होता.

विहीणबाईंनी तबक पुढे केले तेव्हा बाकीच्यांचे विडे मी स्वतः कागदात बांधून पिशवीत ठेवायला लावले होते. माझा विडा त्यांनी तबकातून उचलून हातात दिला. “व्याही, हा सुमननं लावला,” असे त्या म्हणाल्या आणि समोर उभ्या राहिल्या. सुमन दाराआड होती. तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या. मुलीच्या बापाने विहिणीसमोर तो विडा कागदात बांधायचा म्हणजे काय, हे ज्यांच्या मुली सासरी आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. मी तो तोंडात घातला. सुमनने हात राखला नव्हता; विडा आंब्याएवढा होता. गावात थुंकणे शक्य नव्हते, कारण व्याही शिवेपर्यंत पोचवायला आले. शीव ओलांडल्यावरही शक्य नव्हते, कारण अग्रणी थुंकला तर वारा ते कोणाला पोचवतो हे सांगायला आरेखक लागत नाही. तेव्हा सेलूपर्यंत तोंड मिटून न्यावे, असे मी ठरवले. उतारावर माझ्याकडून एकही सूचना मागे गेली नाही. मागचे समजले, रस्ता मोकळा आहे.

बंडी दिसली तेव्हा मी ओरडलो, हे खरे आहे. त्या बाबतीत मला खोटे ठरवणाऱ्यांशी मी बारा वर्षे भांडलो आहे, आणि आजही भांडेन. मी मान वळवून ‘थांबा’ म्हणालो. त्यातला अर्धा शब्द आणि सबंध विडा बापूरावच्या चष्म्यावर गेला. त्याला ना मी दिसलो, ना बंडी, ना स्वतःचा ब्रेक.

आणखी एक दुरुस्ती. मी नालीवर पाणी आणायला गेलो, असे वर लिहिले आहे. मी आधी चूळ भरली, मग पाणी आणले. ही सहावी चूक. ती स्मरणिकेत नाही. माझ्या मजकुरात आहे.

नाचणगाव

दोन आठवड्यांपूर्वी स्मरणिका घेऊन मी बसने पुलगावला उतरलो आणि तिथून चालत नाचणगावला गेलो. नोकरी सुटल्यापासून बापूराव तिथेच असतो. अंगणात बसून तो वांगी निवडत होता, कीड लागलेली एकीकडे, बरी दुसरीकडे. चष्मा आणखी जाड झाला आहे. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मी त्याला शेवटचे पान वाचून दाखवले आणि म्हणालो की मी खरे काय ते लिहून छापायला देणार आहे.

“कायले उकरून राह्यला बे आता?” तो म्हणाला. “मस्त हाये ना. माह्या नावाचं एक कलम हाये. मी मेल्यावर बी पोट्टे रस्त्यानं माह्यं नाव घेत जातील. तुह्यं नाव कोन घेते?”

“तू माझी आघाडी वाचवलीस. ते ऋण—”

“आघाडी?” त्याने वांगे खाली ठेवले. “तुह्या आघाडीले काय चाटाचं होतं? मले त वाटत होतं, मनोहर जाईन समोर त बरं होईन. तू लय बोर करत होता.”

“मग खोटे का बोललास?”

“सुमनसाठी, बाप्पा. तो विडा तिच्या हातचा होता. मले दिसला होता ना तुह्या गालात, केळझरपासून! लोक काय म्हणाले असते? नव्या सुनंच्या विड्यानं नऊ मानसं पाडली. गावात काई शिळं होत नाई, वामन्या. पोरीले जल्मभर पुरलं असतं.”

बारा वर्षे मी असे समजत आलो होतो की बापूरावने माझ्या मानासाठी दोष घेतला. त्या समजुतीवर मी बारा वर्षे रांगेत पुढे चाललो. अंगणात बसून मला कळले की त्या दवाखान्यात माझ्या मानाचा विचार करणारा मी एकटाच होतो.

“आता लिहू का?” मी विचारले.

“सुमनले विचारजो. ती हो म्हणाली त लिहिजो. अन् वांगे घेऊन जाजो, बरे हायेत.”

वांगी घेऊन मी परतलो आणि सुमनला पत्र टाकले. विहीणबाई गेल्या वर्षी वारल्या. घर आता सुमनच्या हाती आहे. तिचे उत्तर चार ओळींचे आले. त्यातली एक ओळ अशी: ‘बाबा, तुमच्या सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसल्याचा काथाचा डाग होता तो पुढच्या भेटीत मीच धुतला होता, तेव्हा खुशाल लिहा.’

म्हणून मंडळाकडे माझी जाहीर मागणी आहे. फलक रंगवायला दिला आहे असे कळते. रंगाऱ्याचा हात चौथ्या कलमापर्यंत पोचला असल्यास त्याला थांबवावे, आणि थांबवताना खणखणीत शब्दांत थांबवावे. ते कलम मी लिहिले, मीच मोडले, आणि त्याची सत्यता माझ्याइतकी कोणी सिद्ध करून दाखवलेली नाही. बापूरावचा त्यावर कसलाही हक्क नाही. ते माझ्या नावावर करावे, आणि नव्या सदस्यांना ‘वामनराव करू नको’ असे म्हणण्याची सवय लावावी.

आघाडी मनोहररावांनी घ्यावी. सभेने तेव्हाच तसे ठरवले होते. बापूरावने माझ्या वाटचे एक वर्ष शेवटी काढले आहे. ते मी काढीन. माझे वय आड येईल, असे कोणी सुचवल्यास त्यांनी येत्या रविवारी पहाटे पाचला यावे. पाच चाळीसला नव्हे. मी रांगेच्या शेवटी उभा असेन, पुढच्यापासून वीस हात अंतर राखून, रिकाम्या तोंडाने.